'स्विच' आणि विसरलेला 'ब्रेक'

गेल्या वर्षी ऐच्छिक विषयांचे चाळीस अर्ज मोजण्याचे काम मी हौसेने अंगावर घेतले आणि 'सी' भाषेत एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. अर्जावर १ म्हणजे मराठी, २ म्हणजे इतिहास, ३ म्हणजे अर्थशास्त्र. उत्तर आले : मराठी २१, इतिहास ३३, अर्थशास्त्र ४०. बेरीज न पाहताच मी अर्थशास्त्राच्या सरांना आकडा सांगून मोकळा झालो. विषयाला बरे दिवस आले म्हणून सर केवढे खूष झाले!

एका संख्येवरून अनेक वाटांपैकी एक निवडायची, तर 'इफ-एल्स'ची साखळी लिहिता येते. पण ती लांबली की वाचणाऱ्याची दमछाक होते. 'स्विच'मध्ये संख्या एकदाच पाहिली जाते आणि संगणक जुळणाऱ्या 'केस'पाशी उडी घेतो. काहीच जुळले नाही तर 'डिफॉल्ट'. मात्र केसपुढे ठरावीक पूर्णांक किंवा अक्षरच लागते. 'साठपेक्षा जास्त' अशी अट तेथे चालत नाही. श्रेणी ठरवायला 'इफ'च बरे.

खरी गोम पुढेच आहे. केस ही नुसती पाटी आहे, भिंत नव्हे. 'ब्रेक' लिहिला नाही तर संगणक खालच्या केसमधली कामेही करीत जातो, आणि चूक झाली असे सांगतही नाही. माझा मराठीचा प्रत्येक अर्ज इतिहासात आणि अर्थशास्त्रातही मोजला गेला होता! ही सवय कधी उपयोगीही पडते : ४, ६, ९ आणि ११ या महिन्यांच्या केस एकाखाली एक लिहून तीस दिवसांचे विधान एकदाच द्यावे.

ब्रेक लिहिला तरी तो कुठून बाहेर काढतो हे ठाऊक हवे. १५ जानेवारी १९९० रोजी अमेरिकेत एटी अँड टी कंपनीची दूर पल्ल्याची दूरध्वनी सेवा सुमारे नऊ तास कोलमडली. तेथील 'सी' प्रोग्रॅममध्ये स्विचच्या आत 'इफ' होते आणि त्या इफमध्ये ब्रेक. ब्रेक इफपुरता थांबत नाही, सबंध स्विचच्या बाहेर नेतो. त्यामुळे पुढची आवश्यक कामे राहून गेली. एवढ्या जाणत्यांची ही गत, हे वाचून मला (खोटे कशाला बोलू?) जरा धीर आला.

तीन ब्रेक घातल्यावर उत्तर आले : २१, १२, ७. सरांकडे जाताना पाय जड झाले होते. सातचा आकडा ऐकून ते क्षणभर गप्प राहिले. मग खडू माझ्या हाती देऊन म्हणाले, "कुठे चुकलास ते फळ्यावर लिहून दाखव."