पांढऱ्या टोपीतल्या नायिका आणि घर सांभाळण्याची पुस्तकं

प्रश्न : मुलीकडे अमेरिकेत गेले होते. तिच्या गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयात 'ख्रिश्चन फिक्शन' अशी पाटी लावलेलं स्वतंत्र कपाटच होतं. बऱ्याच मुखपृष्ठांवर पांढरी टोपी घातलेली तरुणी आणि मागे शेत. बायका त्या कादंबऱ्यांबरोबर घर आवरण्याची, पाव भाजण्याची पुस्तकंही घेऊन जात. हा काय प्रकार आहे? मी ख्रिस्ती नाही. दुपारच्या निवांत वेळी यातलं काही वाचता येईल का? आणि मराठीत असं काही आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : जरूर वाचता येईल, आणि सुरुवात तुम्ही बहुधा केव्हाच केली आहे. शांता शेळके यांची 'चौघीजणी' वाचली असेल, तर या कपाटाचा एक पूर्वज तुमच्या हातून गेलेला आहे. ती ज्या 'लिटल विमेन'चा अनुवाद आहे, लुइसा मे अल्कॉटच्या त्या कादंबरीचा पहिला भाग १८६८ साली आला. त्याचा सांगाडा जॉन बन्यनच्या 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस' या १६७८ सालच्या ख्रिस्ती रूपककथेवर उभा आहे. चौघी बहिणी त्यातल्या यात्रेकरूचा खेळ खेळतात, आणि पुढे प्रत्येकीला आपापल्या स्वभावाचं ओझं वाहावं लागतं. वडील सैन्यात धर्मोपदेशक आहेत, पण घरातला धर्म प्रवचनातून कळत नाही. नाताळच्या सकाळी मुली आपली न्याहारी उचलून उपाशी कुटुंबाकडे नेतात, तेव्हा तो कळतो. आठवडाभर कामाला बुट्टी मारल्यावर त्यांच्यातली ज्यो एकटीने स्वयंपाक करायला जाते आणि स्ट्रॉबेरीवर साखरेऐवजी मीठ पेरते, तेव्हाही कळतो.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. या परंपरेत श्रद्धेची परीक्षा चर्चमध्ये थोडी आणि चुलीपाशी पुष्कळ होते. म्हणूनच कादंबरी आणि गृहव्यवस्थेचं पुस्तक एकाच पिशवीतून घरी जातं.

कधीकधी तर दोन्ही एकाच हातची असतात. गुलामगिरीविरुद्ध अमेरिका ढवळून काढणारी 'अंकल टॉम्स केबिन' ही कादंबरी हॅरिएट बीचर स्टोवने १८५२ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. तिनेच थोरली बहीण कॅथरिन हिच्याबरोबर १८६९ मध्ये 'द अमेरिकन वुमन्स होम' हे जाडजूड गृहव्यवस्थेचं पुस्तक काढलं. दोघी धर्मोपदेशकाच्या मुली. पुस्तकाची सुरुवात ख्रिस्ती कुटुंब म्हणजे काय इथून होते आणि लगेच गाडी खेळती हवा, शेगडी, कपाटं यांवर येते. आगबोटीवरचा स्वयंपाकी लहानशा जागेत एवढ्या माणसांचं जेवण कसं उरकतो, हे पाहून त्यांनी स्वयंपाकघराची मांडणी सुचवली : पीठ, कणीक मळायची फळी, मोरी, सगळं ओळीने आणि हाताशी. आपल्याकडचा आजचा ओटा पाहिला की हा विचार किती पुढचा होता ते पटतं. गंमत म्हणजे असं पुस्तक लिहिणाऱ्या कॅथरिनने स्वतः कधी लग्न केलं नाही.

आजच्या कपाटात काय आहे?

या कपाटाची आजची घडण समजून घ्यायची तर जॅनेट ओक या कॅनडातल्या लेखिकेची 'लव्ह कम्स सॉफ्टली' (१९७९) पाहावी. पश्चिमेकडे निघालेली मार्टी वाटेतच विधवा होते, तीही गरोदर असताना. क्लार्क नावाचा विधुर तिला सांगतो, माझ्या छोट्या मुलीला आई हवी आहे, तुला छप्पर हवं आहे, तेव्हा लग्न करू. मार्टीला धड स्वयंपाकही येत नाही. त्या घरात ती हळूहळू कशी रुळते, एवढीच गोष्ट. पण ती खूप खपली, आणि अशा कादंबऱ्यांना मोठा वाचकवर्ग आहे हे प्रकाशकांना उमगलं.

मुखपृष्ठावरच्या पांढऱ्या टोपीवाल्या बहुतेक आमिश पंथातल्या. हे लोक घोडागाडीतून फिरतात आणि बाहेरची वीज घरात घेत नाहीत. त्यांच्यावरच्या कादंबऱ्यांची लाट बेव्हर्ली लुइसच्या 'द शनिंग' (१९९७) पासून उसळली. पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर परगण्यातल्या एका मुलीला लग्न तोंडावर आलेलं असताना माळ्यावर तान्ह्या बाळाचं सॅटिनचं झबलं सापडतं. एवढ्या साध्या राहणीच्या घरात हे कुठून आलं? या प्रश्नामागे जाता जाता ती वाळीत पडते. जातपंचायतींचा इतिहास ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला ही गोष्ट परकी वाटणार नाही. मात्र अशा कादंबऱ्या लिहिणाऱ्या बहुतेक लेखिका आमिश नाहीत, तेव्हा त्यातलं जग जरा जास्तच गोडसर रंगवलेलं असतं, हे लक्षात असू द्या.

मग निवड कशी करायची?

या कपाटात उपदेशाचा मारा करणारी पुस्तकं पुष्कळ आहेत. शेवटच्या प्रकरणात नायक गुडघे टेकतो आणि सगळे प्रश्न सुटतात, हा ठरलेला साचा. चांगलं पुस्तक ओळखायला माझी कसोटी सोपी आहे : माणसं काय खातात, पैसे कुठून आणतात, आजाऱ्याची उशापायथ्याची सेवा कोण करतं, हे लेखकाला माहीत आहे का? ते माहीत असेल तर त्याची श्रद्धाही खरी वाटते.

या कसोटीला उतरणारी तीन नावं सांगते.

पहिलं, जॅन कॅरनचं 'ॲट होम इन मिटफर्ड' (१९९४). साठीतला एक अविवाहित पाद्री, डोंगरातलं लहान गाव, आणि बायबलमधली वचनं ऐकली की शांत होणारा धिप्पाड कुत्रा. ही गोष्ट आधी एका छोट्या स्थानिक वर्तमानपत्रात क्रमशः येत होती. त्यामुळे प्रकरणं छोटी आणि दुपारच्या चहाबरोबर संपणारी. पुढच्या पुस्तकांत खाणंपिणं इतकं आलं की २००४ मध्ये या मालिकेचं पाककृतींचं पुस्तकही निघालं.

दुसरं, कॅथरिन मार्शलचं 'क्रिस्टी' (१९६७). १९१२ साली एकोणीस वर्षांची शिक्षिका टेनेसीच्या डोंगरवस्तीत शिकवायला जाते. गरिबी, रोगराई, पिढीजात वैरं, सगळं तिथे आहे. लेखिकेने हे आपल्या आईच्या अनुभवांवरून लिहिलं. अमेरिकेत ख्रिस्ती कादंबऱ्यांसाठी दिला जाणारा पुरस्कार याच पुस्तकाच्या नावाने आहे.

तिसरं, मॅरिलिन रॉबिन्सनचं 'गिलियड' (२००४). मृत्यू जवळ आलेला म्हातारा पाद्री आपल्या सात वर्षांच्या मुलासाठी पत्र लिहितो आहे. पुलित्झर पुरस्कार मिळालेली ही कादंबरी ग्रंथालयात वेगळ्या कपाटात नसेल, नेहमीच्या कादंबऱ्यांत शोधा. ती संथ आहे. पण तिन्हींत सर्वांत श्रेष्ठ हीच.

गृहव्यवस्थेवरचं एकच घ्यायचं तर ईडिथ शेफरचं 'द हिडन आर्ट ऑफ होममेकिंग' (१९७१) घ्या. नवऱ्याबरोबर त्यांनी स्वित्झर्लंडमधल्या एका खेड्यात पाहुण्यांसाठी सदा उघडं असलेलं घर चालवलं. जेवणाच्या टेबलावर ठेवलेली चार रानफुलं, जुन्या कापडातून शिवलेला झगा, पाहुण्याला आवर्जून लिहिलेली चिठ्ठी ही सगळी कलाच आहे आणि त्याला पैसा लागत नाही, हे त्यांचं म्हणणं. या वर्गातल्या काही पुस्तकांचा सूर मात्र बाईने मुकाट ऐकावं असा असतो. तसली पहिल्या दहा पानांतच ओळखू येतात, ती परत कपाटात ठेवावीत.

मराठीत काय?

ज्या कादंबरीला मराठीतली पहिली म्हणतात, ती ख्रिस्तीच आहे : बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' (१८५७). विधवांच्या हालांची ही कहाणी कळकळीने लिहिलेली आहे, पण धर्मप्रचार उघड आहे. विरंगुळा म्हणून नव्हे, कुतूहल म्हणून वाचा. पंडिता रमाबाईंनी धर्मांतराच्या आदल्या वर्षी, १८८२ मध्ये, 'स्त्रीधर्मनीति' लिहिलं. त्यात घर आणि आचरण यांविषयीचा उपदेश आहे. त्याच्या विक्रीच्या पैशाने त्यांना इंग्लंडला जाता आलं.

पण श्रद्धा आणि संसार दोन्ही हवं असेल, तर लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'ला तोड नाही. हे चार भाग १९३४ ते १९३७ या काळात प्रसिद्ध झाले. ही कादंबरी नाही, आत्मचरित्र आहे, तरी कुठल्याही कादंबरीपेक्षा वेगाने वाचून होतं. त्यांचे पती नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, लक्ष्मीबाई त्यानंतर पाच वर्षांनी. मधल्या काळात त्यांनी आपलं सोवळं कसं सांभाळलं आणि ते एकेक करून कसं सुटत गेलं, हे त्या स्वयंपाकघरातल्या भांड्याकुंड्यांतून सांगतात. नवरा घरातलं होतं नव्हतं ते वाटून टाकणारा, आणि संध्याकाळच्या जेवणाची जुळवाजुळव करायची बाईने. तरीही पानोपानी हसू येतं, ही त्यांची खरी कमाल.

तेव्हा क्रम असा ठेवा : आधी 'स्मृतिचित्रे', पूर्वी वाचलं असेल तरी पुन्हा. मग 'मिटफर्ड', मग शेफरबाई, आणि मन निवांत असेल तेव्हा 'गिलियड'. 'द अमेरिकन वुमन्स होम' प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतं, त्यातलं निदान स्वयंपाकघराचं प्रकरण चाळा. ख्रिस्ती असण्याची अट यातल्या कुठल्याच पुस्तकाला नाही. ज्याने कधी घर चालवलं आहे, त्याला ही पुस्तकं कळतात.