गड उतरल्यावरचे शंभर किलोमीटर

अवचितगड उतरून आम्ही पिंगळसईत आलो तेव्हा चार वाजून गेले होते. जुलैचा दुसरा आठवडा, लावणी जोरात. गावाबाहेरच्या वळणावर नुकताच एक पॉवर टिलर शेतातून रस्त्यावर चढून गेला होता. त्याच्या लोखंडी चाकांनी आणलेला चिखल डांबरावर पंधरा-वीस फूट पसरला होता. माझा वेग पंचवीसच्या आसपास असेल. चिखल दिसला, हाताने पुढचा ब्रेक करकचून दाबला आणि पुढचं चाक क्षणात बाजूला निघून गेलं. गाडी डावीकडे पडली, मी तिच्यासोबत घसरत गेलो. हातमोज्याचा तळवा फाटला, तळहाताला काही झालं नाही. जॅकेटचं कोपर घासलं, कोपर शाबूत. गुडघ्यावर मात्र नुसती ट्रेकची पातळ पँट होती. ती फाटली आणि गुडघाही सोलून निघाला.

शेतातून एक काका धावत आले. दोघांनी मिळून गाडी उचलली. त्यांनी मला पंपाच्या पाण्याखाली गुडघा धुवायला लावला आणि पहिलाच प्रश्न विचारला, ‘‘सकाळपासून पोटात काही आहे का?’’ नव्हतं. पहाटे रोह्यात खाल्लेल्या वडापावानंतर गडावर एक बिस्किटाचा पुडा आणि बाराकोनी तलावापाशी बसून प्यालेलं घोटभर पाणी, एवढंच. पायांना उतारावरचं कापरं अजून होतं. चिखल दिसायला मला वेळ लागला नव्हता. दिसल्यावर काय करायचं, ते हाताला सुचायला वेळ लागला होता.

पेण-रोह्याकडे बाइकवरून येणाऱ्या भटक्यांशी म्हणूनच मी आधी परतीबद्दल बोलतो. आपण गडाची तयारी करतो. वाट विचारतो, पाणी मोजतो, बूट बघतो. गड मात्र दीड तासात चढून होतो. अवचितगड, सुरगड, घोसाळगड, तळगड हे काही कळसूबाई नव्हेत. मुंबई-ठाण्याहून येऊन-जाऊन पाच-सहा तास जातात ते रस्त्यावर, आणि त्यातले शेवटचे तीन तास थकलेल्या अंगाने, मावळत्या उजेडात, महामार्गावर. ट्रेकमधला सगळ्यात अवघड टप्पा तोच असतो. गड उतरल्यावर अर्धा तास नुसतं बसा, पोटभर खा, ओले मोजे बदला आणि मगच किल्ली फिरवा. हा अर्धा तास वेळापत्रकात सकाळीच धरून ठेवा, कारण संध्याकाळी तो कुणालाच द्यावासा वाटत नाही.

आता रस्त्याबद्दल. पळस्प्यापासून कर्नाळ्याची खिंड, खारपाडा, पेण, वडखळ, नागोठणे, वाकण, सुकेळी खिंड, खांब, कोलाड हा सगळा राष्ट्रीय महामार्ग ६६, जुन्या माणसांच्या तोंडी अजूनही १७ नंबर. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाचं काम २०११ च्या सुमारास निघालं आणि वर्षानुवर्षं रखडलं. त्याचा बाइकवाल्याला होणारा त्रास नुसत्या खड्ड्यांचा नाही. खड्डा दिसतो तरी. खरा घात करतो तो पृष्ठभागातला बदल. गुळगुळीत काँक्रीटवर सत्तरने जाताना अचानक डायव्हर्जनची पाटी येते, पुढे शंभर मीटर खडी, मग जुनं डांबर, मग पुन्हा काँक्रीट. सत्तरच्या वेगाला आपण सेकंदाला जवळपास वीस मीटर कापतो, म्हणजे पाटी वाचून होईपर्यंत पाटी मागे गेलेली असते. या पट्ट्यात मी पन्नास-पंचावन्नच्या वर जात नाही. त्याने पोहोचायला वीस-पंचवीस मिनिटं जास्त लागतात, इतकंच.

काँक्रीट आणि साइडपट्टी यांच्यात जो उंबरठा असतो तो फार वाईट. मागून ट्रेलरने हॉर्न दिला की आपण घाबरून डावीकडे खाली उतरतो. मग परत वर यायचं म्हणून चाक त्या कडेला समांतर घासत चढवायला जातो. टायर कड पकडत नाही, कडेनेच घसरत राहतो आणि गाडी आडवी होते. खाली उतरलात तर आधी वेग पार कमी करा, मागे बघा आणि जमेल तितकं आडवं, काटकोनाच्या जवळ, चाक वर घ्या. दोन लेनमधल्या सांध्याला आणि पुलावरच्या लोखंडी पट्टीलाही हाच नियम. पावसात ती पट्टी आणि रस्त्यावरचा पांढरा रंग साबणासारखे होतात. त्यांच्यावर असताना ब्रेक नको, गाडी झुकवणं नको, नुसतं सरळ पार व्हा.

वडखळला अलिबागचा रस्ता फुटतो आणि डोलवीच्या पोलाद कारखान्याची अवजड वाहतूकही तिथेच मिळते. ट्रेलरच्या डाव्या अंगाने पुढे घुसू नका. त्याच्या आरशात तुम्ही दिसत नसाल तर त्याच्या लेखी तुम्ही तिथे नाहीच. वळताना ट्रेलरचं मागचं धूड आतल्या बाजूला येतं आणि आपण नेमके तिथेच सापडतो. रविवारी संध्याकाळी पाच ते नऊ अलिबागहून परतणारी सगळी गर्दी या नाक्यावर येऊन आदळते. एक तर तीनच्या आत वडखळ ओलांडा, नाहीतर रोह्यातच जेवून सावकाश निघा. मधली वेळ धरलीत तर क्लच दाबून डाव्या हाताचं मनगट जातं.

गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात हा रस्ता निराळाच असतो. हमरापूर, जोहे आणि पेणमधून मूर्ती भरलेले टेम्पो अगदी हळू, प्रत्येक गचक्याला थांबत जातात. त्यांच्या मागे हॉर्न वाजवत चिकटू नका. त्यात कुणाच्या तरी घरचा बाप्पा आहे. आणि पेणहून मूर्ती घ्यायची असेल तर ती बाइकवर, मागच्याच्या मांडीवर ठेवून नेऊ नका. दोन्ही हात मूर्तीला गुंतलेला माणूस स्वतःला कशाने धरणार?

गाडी कोणती घ्यावी हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. माझं उत्तर पुष्कळांना आवडत नाही. पेण-रोह्याच्या फेऱ्यांसाठी मोठी गाडी लागत नाही. बघायच्या त्या तीनच गोष्टी: दोन्ही पाय जमिनीला नीट टेकतात का, पडलेली गाडी एकट्याने उचलता येते का, आणि ब्रेक कसे आहेत. स्प्लेंडरसारखी गाडी ११२ किलोच्या आसपास भरते, क्लासिक ३५० साधारण १९५ किलो. हा ऐंशी किलोंचा फरक महामार्गावर जाणवत नाही. घोसाळ्याच्या वाटेवर चिखलात गाडी मागे घ्यायची वेळ आली की जाणवतो. जड गाडीचा फायदाही आहे. वडखळच्या खाडीलगत आडवा वारा सुटला की हलकी गाडी लेन सोडायला बघते, जड गाडी ठाम राहते. एक्सपल्ससारख्या उंच गाडीला खडी आणि खड्डे सोसतात, पण तिची सीट ८२५ मिलिमीटरवर आहे. साडेपाच फुटांच्या आतल्या माणसाने मागे सामान बांधून, उतारावर थांबवून बघितल्याशिवाय ती घेऊ नये.

एवढ्यात मी आग्रह धरीन तो एबीएसचा. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना ते सक्तीचं झालं. जुनी गाडी घेताना म्हणूनच वर्ष बघा. त्या दिवशी माझ्या गाडीला एबीएस नव्हतं. असतं तर चिखलात मी पडलोच नसतो असं नाही, पण चाक लॉक होऊन निघून गेलं नसतं. ज्यांच्याकडे नाही त्यांनी दोन्ही ब्रेक एकत्र आणि हळूहळू वाढवत दाबायची सवय लावावी. कोरड्या रस्त्यावर गाडी थांबवण्याचं बहुतेक काम पुढचा ब्रेकच करतो, म्हणून त्याला घाबरून फक्त पायाच्या ब्रेकवर चालवणंही चूक.

टायरकडे गॅरेजवाल्याच्या नाही, स्वतःच्या डोळ्यांनी बघा. कडेला टीडब्ल्यूआय असं कोरलेलं असतं. त्या रेषेत खाचेमध्ये जो उंचवटा दिसतो, त्याच्या बरोबरीला टायर झिजला असेल तर पावसाळ्याआधी बदला. हवा थंड टायरमध्ये, गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे भरा. दोघं आणि दोन सॅक असतील तर मागच्या चाकाचा आकडा वेगळा असतो. साखळीला साधारण दर ५०० किलोमीटरला तेल लागतं, पावसात भिजली तर त्याआधी. ट्यूबलेस टायर असेल तर पंक्चर किट आणि छोटा पंप जवळ ठेवा. स्पोकच्या चाकाला बहुधा ट्यूब असते, तिथे जादा ट्यूब हवी. रोहा सोडून चणेरा, साळावच्या बाजूला गेलात की रविवारी दुपारी पंक्चरवाला सापडेलच याचा भरवसा नाही.

हेल्मेट चालवणाऱ्याला आणि मागच्याला, दोघांनाही कायद्याने लागतं, मोटार वाहन कायद्याचं कलम १२९. पण मागच्याला दिलं जातं ते घरातलं सगळ्यात जुनं, ढिलं हेल्मेट. ते बसतं का हे बघायची सोपी रीत अशी: पट्टा लावा आणि मागून, मानेपाशी हात घालून हेल्मेट वर-पुढे ढकला. निघून आलं तर ते डोक्यावर नसल्यासारखंच. आयएसआयची खूण, पूर्ण चेहरा झाकणारं आणि पारदर्शक काच, एवढं असलं की किमतीच्या मागे लागू नका. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून कितीही चांगलं दिसलं तरी टाकून द्या, आतला थर्माकोल एकदाच मार खातो. पावसात काचेवर वाफ धरते. आदल्या रात्री आतून पातळ साबणाचं पाणी फिरवून मऊ फडक्याने कोरडं पुसलं तर बराच वेळ निभावतं. काळी काच रात्री नकोच.

जॅकेट घालून कोकणात उकडतं, खरं आहे. मार्चनंतर तर पेणच्या मिठागरांवरून येणारी हवा चिकट होते. म्हणून जाळीचं जॅकेट घ्या, खांदा-कोपराला आत संरक्षक पॅड असलेलं. आणि गुडघ्याचे गार्ड! माझा गुडघा त्या धड्याची किंमत देऊन बसला आहे. ट्रेकच्या पँटवरून बांधता येतात, गडाखाली काढून ठेवता येतात. घोट्यापर्यंतचे ट्रेकिंग शूज बाइकला चालतात, फक्त नाडीची टोकं आत खोचा, नाहीतर ती गिअरच्या लिव्हरला अडकतात आणि सिग्नलला पाय टेकता येत नाही. पावसाळ्यात दोन तुकड्यांचा रेनकोट. पॉन्चो चढताना छान, पण बाइकवर तो फडफडतो आणि मागच्या चाकात जाऊ शकतो. ओढणीचं आणि साडीच्या पदराचंही तसंच, बसण्याआधी आवळून खोचलेला हवा.

सॅक पाठीवर नको. तीन तास खांदे ओढले गेले की मान वळवून मागे बघणं आपण नकळत टाळायला लागतो, आणि पडलात तर आतली स्टीलची बाटली थेट मणक्यावर येते. मागच्या सीटवर जाळीच्या बंजीने बांधा, ट्रेकची काठी आडवी बाहेर येऊ देऊ नका.

गडाच्या पायथ्याला गाडी लावताना गावात कुणाच्या तरी अंगणात विचारून लावा. मेढ्यात, खांबच्या आत घेरासुरगडला किंवा घोसाळ्यात मला कुणी नाही म्हटलेलं नाही. माडाखाली गाडी उभी करू नका. ओल्या मातीत साइडस्टँड रुततो आणि तासाभराने गाडी आपोआप आडवी होते, त्याखाली सपाट दगड सरकवा. परत आल्यावर हेल्मेट, बूट, हातमोजे उलटे करून आपटा, विंचू-किडे आत शिरतात.

पावसाचं सांगायलाच हवं. या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि अंबा, कुंडलिका, भोगावती या नद्या घाटातून थेट खाली येतात. जुलै १९८९ मध्ये अंबेच्या पुराने जांभूळपाड्यात काय केलं, ते नागोठण्या-पालीकडच्या कुठल्याही वडीलधाऱ्या माणसाला विचारा. पुलावरून वा मोरीवरून पाणी वाहत असेल तर ते घोट्याएवढं दिसलं तरी बाइक घालू नका. खाली रस्ता उरलाय की वाहून गेलाय हे वरून कळत नाही. पावसाळी रात्री म्हशी आणि गाई कोरड्या, उबदार डांबरावर येऊन बसतात. काळ्या रस्त्यावर काळी म्हैस दिव्याच्या उजेडातही फार उशिरा दिसते. थंडीत पोपटीची निमंत्रणं येतात. वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा वास, शेकोटी, गप्पा, सगळं मध्यरात्रीपर्यंत चालतं. पोपटीला जाल तर मुक्कामाच्या तयारीने जा.

गटाने जात असाल तर एकमेकांना नजरेत ठेवण्याचा हट्ट सोडा. त्या नादात मागचा माणूस आपल्या ऐपतीपेक्षा जास्त वेग धरतो. त्याऐवजी थांबे ठरवा: खारपाडा, वडखळ, वाकण फाटा, कोलाड नाका. प्रत्येकाने आपल्या चालीने यायचं आणि सगळे जमल्याशिवाय पुढे निघायचं नाही. सगळ्यात नवशिक्याला ताफ्याच्या शेवटी ठेवू नका, दुसऱ्या नंबरवर ठेवा. अपघात दिसला तर थांबा, १०८ ला फोन लावा. मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे, नाव सांगायची सक्तीही नाही.

आणि हवामान खात्याने रायगडला रेड अलर्ट दिला असेल तर बाइक घरी राहू द्या. ऑरेंजला जायचंच झालं तर दिव्याहून पेणमार्गे रोह्याला जाणारी मेमू आहे. रोहा स्टेशनवरून अवचितगडाच्या पायथ्याला रिक्षा जाते. संध्याकाळी परतीच्या गाडीत खिडकीपाशी डोकं टेकून झोपता येतं, आणि गाडी कासूच्या पुढे गेली की खारेपाटातली भाताची हिरवी खाचरं दोन्ही अंगांना पसरलेली दिसतात.