ड्रोनची ऑर्डर घेण्याआधी: एजीएल, एएमएसएल आणि हिरवा-पिवळा-लाल नकाशा

लग्न, प्री-वेडिंग, प्लॉटची जाहिरात, शेतीची पाहणी यासाठी ड्रोनचा व्यवसाय सुरू करायचाय असे मेसेज खूप येतात. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, "सर, कुठला ड्रोन घेऊ?" माझं म्हणणं, तो प्रश्न तिसरा. पहिला प्रश्न, जिथे काम मिळणार आहे तिथे उडवता येतं का? आणि दुसरा, उंची कुठून मोजायची? व्हिडिओत हे पटापट सांगितलं होतं, इथे जरा सावकाश बघू.

आपल्याकडे ड्रोन नियम २५ ऑगस्ट २०२१ ला आले. त्यानंतर महिन्याभरात डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलवर भारताचा नकाशा आला, तीन रंगांचा. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत, म्हणजे साधारण १२० मीटरपर्यंत, वेगळी परवानगी लागत नाही. पिवळ्या भागात त्या हवाई क्षेत्राच्या एटीसीची परवानगी लागते. एटीसी म्हणजे विमानांना कधी उतरायचं, कधी थांबायचं हे सांगणारं नियंत्रण कक्ष. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवायचंच नाही. इतकं बहुतेकांना माहीत असतं. घोळ होतो तो पुढे.

चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच पिवळा भाग सुरू होतो. "सर, मी फक्त वीस फूट उडवणार" हे तिथे चालत नाही. ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत हिरवा, त्याच्या वर पिवळा. आणि हे अंतर *हद्दीपासून* आहे, टर्मिनलच्या गेटपासून नाही. गूगल मॅपवर रस्त्याचं अंतर बघून "नऊ किलोमीटर आहे, चालतंय" म्हणणारे इथेच फसतात. रस्ता वळणं घेत जातो, नियम सरळ रेषेत मोजतो. त्यात धावपट्टीचं दुसरं टोक तुमच्या हॉलच्या बाजूला असलं तर अंतर आणखी कमी भरतं.

पुण्याचं उदाहरण घ्या. लोहगावचं विमानतळ मुळात हवाई दलाचं आहे आणि तिथलं एटीसीही त्यांचंच. विमाननगर, खराडी या भागात हॉटेलं, लॉन्स, मोठे गृहप्रकल्प, म्हणजे ड्रोनवाल्याला भरपूर काम दिसतं. पण हा सगळा भाग विमानतळाला खेटून आहे. समजा तुम्ही आठ हजारांत ऑर्डर घेतली, तीन हजार ॲडव्हान्स घेतला आणि आदल्या रात्री नकाशा उघडला. आता पार्टीला काय सांगणार? ॲडव्हान्स परत जाईल ते जाईलच, शिवाय त्या फोटोग्राफरकडून पुढची दहा कामं यायची होती ती पण गेली. म्हणून पत्ता आधी, भाव नंतर. पार्टीकडून लोकेशनची पिन मागवा, डिजिटल स्कायवर टाका, मग बोला.

आता उंची. इथे दोन शब्द पाठ करा. एजीएल म्हणजे ड्रोनच्या अगदी खाली जी जमीन आहे तिच्यापासूनची उंची. एएमएसएल म्हणजे समुद्रसपाटीपासूनची. ४०० फुटांची मर्यादा एजीएलमध्ये आहे. विमानवाल्यांच्या कागदांवर मात्र उंची बऱ्याचदा एएमएसएलमध्ये येते. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, म्हणजे १८५० फुटांच्या आसपास. कागदावर २५०० फूट एएमएसएल लिहिलं असेल तर पुण्यात ते जमिनीपासून फक्त साडेसहाशे फूट झालं. मुंबईत समुद्राकाठी तेच जवळजवळ पूर्ण २५०० फूट.

आणि तिसरी उंची आहे ती तुमच्या रिमोटच्या स्क्रीनवर. ती साधारणपणे ना एजीएल असते ना एएमएसएल, ती *जिथून उडवला तिथपासूनची* असते! सपाट मैदानात फरक पडत नाही. पण आपल्या पोरांची प्री-वेडिंग कुठे असतात? महाबळेश्वर, पाचगणी, घाटमाथा. कड्यावरून ड्रोन ४० मीटर वर नेला आणि पुढे दरीवर घेतला. खाली दरी २०० मीटर खोल. स्क्रीन म्हणते ४०, प्रत्यक्षात एजीएल २४०. मर्यादेच्या दुप्पट! हिरव्या भागात असूनही तुम्ही पिवळ्यात गेलात आणि तुम्हाला पत्ताही नाही. उलटंही होतं. किल्ल्याच्या पायथ्यापासून उडवला, डोंगर चढत गेला, स्क्रीनवर १०० मीटर दिसतंय आणि समोर कातळ. म्हणून डोंगरात काम असेल तर परतीची उंची (रिटर्न टू होम) तिथे जाऊन नव्याने सेट करा, घरी ठेवलेली चालणार नाही.

नकाशा एकदा बघून भागत नाही. उडवण्याआधी पोर्टलवर नवीन निर्बंध आहे का ते बघणं नियमानेच बंधनकारक आहे. पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी एखादा भाग ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल करू शकतो. मंत्र्यांचा दौरा, मोठी मिरवणूक असेल तर समजून जा. शहर पोलिसांचे मनाई आदेश वेगळे निघतात, ते स्थानिक ठाण्यात विचारा. नोटॅम म्हणजे वैमानिकांसाठीची सूचना. ती वाचायला शिकलात तर वेळ नीट बघा, ती यूटीसीमध्ये असते. आपली वेळ काढायला साडेपाच तास मिळवायचे. १२३० लिहिलं असेल तर ते आपल्याकडे संध्याकाळचे सहा, म्हणजे नेमकी गोरज मुहूर्ताची वेळ.

आता "कुठला ड्रोन" वर येऊ. २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो. त्याला रिमोट पायलट सर्टिफिकेट आणि थर्ड पार्टी विमा, दोन्हीची सक्ती नाही. त्याच्या वर दोन किलोपर्यंतचा मायक्रो. तो पैसे घेऊन उडवायचा तर सर्टिफिकेट हवंच. वय १८ ते ६५, दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेतलं प्रशिक्षण. पण वजन हे उडतानाचं पूर्ण वजन असतं. २४९ ग्रॅमच्या ड्रोनला मोठी बॅटरी किंवा पंखांचं गार्ड लावलं की तो नॅनो राहत नाही. आणि नॅनोला सर्टिफिकेटमधून सूट आहे, रंगातून नाही. लाल तो लालच.

बाहेरून तयार ड्रोन आयात करण्यावर ९ फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे, संशोधन, संरक्षण, सुरक्षा असे अपवाद सोडून. म्हणून कोणी "दुबईहून आणलेला, स्वस्तात देतो" म्हणाला तर आधी बिल मागा, आणि यूआयएन, म्हणजे ड्रोनचा नोंदणी क्रमांक, तुमच्या नावावर होईल का ते विचारा. तो गप्प बसला तर तुम्हीही पैसे काढू नका. नियम मोडल्यास दंड एक लाखापर्यंत जाऊ शकतो, स्वस्त ड्रोनमधली सगळी बचत त्यात जाईल.

पुढच्या भागात कोटेशन कसं करायचं ते बघू: बॅटरी, विमा, प्रवास आणि परवानगी मिळाली नाही तर ॲडव्हान्सचं काय, ही ओळ बिलावर कशी लिहायची. तोपर्यंत तुमच्या गावापासून १२ किलोमीटरच्या आत विमानतळ किंवा धावपट्टी आहे का, ते नकाशावर शोधून ठेवा.