शाईची रेघ आणि माणसाचा देह

हिशेबशास्त्राच्या अगदी सुरुवातीला शिकवतात की, कीर्दीत खोडरबर चालत नाही. चूक झाली तर दुरुस्तीची वेगळी नोंद करावी. मूळ आकडा दिसलाच पाहिजे. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. चित्रकलेवर लिहिण्याचा माझा अधिकार एवढाच की, शाईने काढलेल्या मानवाकृतीलाही हाच नियम लागू पडतो.

पेन्सिलीचे चित्र चुकत-सुधारत पुढे जाते. शाईची रेघ पडली की पडली. हात कुठे अडखळला, कुठे धावला, ते सारे कागदावर उघडे राहते. टाकावर दाब दिला की निबेची टोके फाकून रेघ जाड होते, दाब सुटला की केसासारखी बारीक. बोरूची जाडी मात्र दाबापेक्षा दिशेवर ठरते. (ज्यांनी बोरूने कित्ता गिरवला आहे, त्यांना हे सांगायला नको.)

कन्नड विभागातील मित्रांना के. के. हेब्बार हे नाव नवे नाही. उडुपीजवळच्या कट्टिंगेरीत १९११ साली जन्मलेले हे चित्रकार मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. लय समजावी म्हणून ते कथ्थकही शिकले. त्यांच्या रेखांकनातील नर्तकी चार-सहा रेघांत उभी राहते. बोटे मोजायला जाल तर सापडणार नाहीत, पण गिरकी सापडते.

फ्रान्सिस न्यूटन सूझा यांची रेघ अगदी उलट स्वभावाची. जन्म १९२४, गोव्यातील साळगाव. १९४५ मध्ये जे. जे. मधून त्यांना काढून टाकले गेले. १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला, त्यात ते पुढे होते. आपल्या मध्य प्रदेशातील रझा आणि विदर्भातील ह. अं. गाडेही त्यात होते. १९४९ साली सूझा लंडनला गेले. त्यांच्या माणसांचे डोळे खरोखरच कपाळात असतात, आणि चेहरा आडव्या-उभ्या रेघांनी जखमेवर टाके घालावेत तसा भरलेला. ‘याला चित्र काढता येत नाही’ असे पुष्कळजण चटकन म्हणतात. मला ते पटत नाही. ज्याची रेघ इतकी ठाम आहे, त्याने प्रमाण मोडले ते जाणूनबुजून. सुंदर देहाआड दडलेली भीती आणि ढोंग त्याला दाखवायचे होते.

आता आमच्या बुऱ्हाणपुरातले उदाहरण घेऊ. तुटलेला धागा जोडायला यंत्रमागावर वाकलेला कामगार येथे गल्लोगल्ली दिसतो. त्याला कसे काढावे? हेब्बारांच्या वळणाने काढला तर तो नाचतो आहे असे वाटेल, आणि तो नाचत नाही. सूझांच्या पद्धतीने थकवा दिसेल, पण बोटांतली आणि नजरेतली सावधगिरी हरवेल. ती गेली तर तो कारागीर उरतच नाही. मला येथे झैनुल आबेदिन जवळचे वाटतात. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात त्यांनी रस्त्यावर पडलेली माणसे साध्या, स्वस्त कागदावर काळ्या शाईने आणि कुंचल्याने काढली. बरगड्या दिसतात, पोटाची खळगी दिसते, पण माणूस विद्रूप होत नाही. आई ही आईच राहते. रेघ जाड, थोडी कोरडी, घाई न करणारी. आमच्या मागावरच्या माणसाची पाठ अशाच एका रेघेत काढावी, आणि धागा धरलेली दोन बोटे तेवढी बारीक निबेने.