'इट' म्हणजे कोण?

सरांनी नवा खडू दोन्ही टोकांना धरून वाकवला. टक्कन मोडला, मोड सरळ आडवी. दुसरा पिळला. तोही तुटला, पण तिरका, स्क्रूच्या आट्यासारखी कड घेऊन.

"का गं?"

"पिळताना सगळ्यात जास्त ओढ 45 अंशांच्या तिरक्या दिशेत पडते. खडू ओढीला कच्चा, म्हणून तिच्या काटकोनात चिरत जातो."

"शाब्बास. आता हेच इंग्रजीत सांग."

मी गप्प.

"सर, हेच विचारायला आलेय. अमेरिकेत मॅडिसनला इंजिनिअरिंग मेकॅनिक्सच्या एमएसला प्रवेश मिळालाय. कंटिन्युअम मेकॅनिक्स, इलॅस्टिसिटी, फायनाइट एलिमेंट, सगळं रात्री जागून करीन. पण माझं इंग्रजी..."

"टेन्सरची भीती नाही वाटत?"

"नाही."

"वाटायला हवी! एका बिंदूवरचा स्ट्रेस एका आकड्यात मावत नाही, कुठल्या प्रतलावर मोजतेस त्यावर तो बदलतो. हे कोशीने 1822 च्या सुमारास नीट मांडलं. घटक नऊ, त्यातले सहा स्वतंत्र..."

"ते येतं, सर. पण वर्गात हसले तर?"

सरांनी चष्मा काढला. "टिमोशेंको 1922 मध्ये अमेरिकेत उतरला तेव्हा 43 वर्षांचा होता. युरोपात नाव झालेलं, बोलायचं इंग्रजी मात्र जेमतेम. काही वर्षं वेस्टिंगहाऊसमध्ये नोकरी केली, मग 1927 मध्ये मिशिगन विद्यापीठात गेला. मेकॅनिक्सचं वरचं शिक्षण तिथे त्याने रुजवलं, उन्हाळी वर्ग चालवले. ज्या पुस्तकांवर तू पास झालीस, ती त्या माणसाने इंग्रजीत लिहिली."

"तो मोठा माणूस, सर. त्याचे उच्चार चालून गेले असतील."

"उच्चार सोड गं! थॉमस यंग तर जन्माचा इंग्रज. 1807 मध्ये छापलेल्या व्याख्यानांत त्याने लवचिकतेचा मापांक सांगितला, पण व्याख्या इतकी किचकट की वाचणारा हरवतो. आज आपण वापरतो ते सुटसुटीत रूप नाव्हिएने 1826 मध्ये दिलं, आणि तो फ्रेंच."

"पण टीए, म्हणजे टीचिंग असिस्टंट म्हणून शिकवायचं तर बोलण्याची वेगळी परीक्षा असते म्हणे."

"अनेक विद्यापीठांत असते. द्यायची. अभ्यास करून सुधारते ती."

"आणि तरी हसले तर?"

"पुन्हा तेच! हे बघ, 'तुळईचं बल' म्हटलं की काय कळलं? कोणी कोणावर लावलेलं? मराठीत आपण ते हाताने दाखवून भागवतो. इंग्रजीत 'ऑन द बीम' की 'बाय द बीम', तेवढ्या शब्दाने बाणाची दिशा उलटते. फ्री बॉडी डायग्राम आधी मनात कापून घेतली नसेल तर वाक्य चुकतंच. तुझं अडतंय ते तिथे."

हे मला पटलं, आणि जरा लागलंही.

सर मात्र आता थांबणार नव्हते. "शिकवलं कुणी तुम्हाला हे? मी नोकरी केली त्या कॉलेजात वर्षाला चाळीस जर्नलं यायची, एकाच जर्नलच्या चाळीस नकला. प्रयोगात काय दिसलं त्याखाली मुलाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं एक वाक्य नाही! मी परत पाठवली की वरून निरोप यायचा, सबमिशन अडवू नका. आणि मग तिकडे थीसिस लिहायला बसलात की हात थरथरतो. ते इंग्रजीचं दुखणं नव्हे. पाहिलेलं लिहायची सवयच आम्ही लावली नाही."

त्यांचा आवाज चढला होता. मी पाण्याचं भांडं पुढे केलं.

"घे," त्यांनी वही सरकवली. "खडू का तुटला, तीन वाक्यं. आखूड."

मी अर्धा तास घेतला. दोन वाक्यं त्यांनी न बोलता वाचली. तिसऱ्यातल्या 'इट'खाली पेन्सिलीने रेघ ओढली.

"इट म्हणजे कोण? खडू, की ओढ?"

"खडू."

"मग खडू लिही."