खिडकीच्या काचेवरील फिल्म : कामाची पारख

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

‘सोने पाहावे कसून, माणूस पाहावा बसून’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण खिडकीच्या काचेवर लावलेली फिल्म कशी पाहावी, हे सांगणारी म्हण अजून कोणी केलेली नाही. ती नसल्यामुळे माझ्या हातून एका कारागिरावर अन्याय झाला. म्हणून हा लेखप्रपंच.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी सौंसरला आत्याकडे गेलो होतो. सौंसर मध्य प्रदेशात, नागपूर-छिंदवाडा रस्त्यावर आहे. २०२३ साली पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला, त्यात हा तालुका गेला. भोवती संत्र्याच्या बागा, घरात मराठी आणि कचेरीत हिंदी. आपल्याकडे मराठी-कन्नड, तसे तिथे मराठी-हिंदी. त्यामुळे गाव परके वाटले नाही. परके वाटले ते ऊन! मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झुकतो. पश्चिमेच्या खिडकीवर छज्जा असूनही उपयोग होत नाही, कारण दुपारनंतरचा सूर्य खाली उतरून तिरपा आत शिरतो. कूलर थकला, तेव्हा आत्याने चार काचांना उष्णतारोधक फिल्म लावून घेतली.

संध्याकाळी पाहतो तो दोन काचांवर बुडबुडे! कन्नडमध्ये ‘गुळ्ळे’ म्हणतात तसे. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. “काम नीट होईपर्यंत मजुरीतले पाचशे रुपये देऊ नकोस,” असा सल्ला आत्याला देऊन मोकळा झालो. कारागीर म्हणाला, “ताई, हे पाणी हाय, हवा नाही. वाळलं का जाते.” आम्हांला ती सबब वाटली. तो काही न बोलता सामान आवरून गेला.

सुट्टी संपता संपता ते बुडबुडे खरोखरच नाहीसे झाले. मात्र जी तिसरी काच आम्ही ‘उत्तम’ म्हणून पास केली होती, तिच्यावर फिल्मखाली अडकलेला एक केस आणि कडेला पात्याचा असावा असा लांब ओरखडा दिसला. म्हणजे जो दोष नव्हता त्यासाठी आम्ही पैसे रोखले आणि जो होता त्याकडे आमचे लक्षच नव्हते. हे असे का झाले, याचा मी नंतर अभ्यास केला. त्याचे सार येथे देत आहे.

प्रथम वस्तू समजून घेऊ. ही फिल्म म्हणजे पॉलिएस्टरचा पातळ पापुद्रा. त्याच्या एका बाजूस चिकट थर असतो आणि उष्णता अडविण्यासाठी बहुधा धातूचा अतिसूक्ष्म लेप किंवा रंगद्रव्य असते. काच धुऊन तिच्यावर साबणाचे पाणी फवारतात, फिल्म ठेवून जागेवर सरकवतात आणि रबरी पट्टीने पाणी कडेकडे ओढून काढतात. पाणी कितीही काढले तरी थोडे आत राहतेच. ते फिल्ममधून हळूहळू उडून जाते. साध्या पातळ फिल्मला त्यासाठी सुमारे ३० दिवस लागतात, जाड सुरक्षा-फिल्मला त्याहून अधिक. थंडीत व पावसाळ्यात हा काळ लांबतो.

आता पारख कशी करावी, ते पाहू.

१) उभे कोठे राहावे? काचेला नाक लावून दोष शोधू नयेत. इंटरनॅशनल विंडो फिल्म असोसिएशन या व्यावसायिक संघटनेचा दंडक असा की, काचेपासून निदान ६ फूट, म्हणजे सुमारे २ मीटर अंतरावर, काचेसमोर सरळ उभे राहून दिवसाच्या प्रकाशात पाहावे. थेट उन्हात नव्हे. त्या अंतरावरून जो दोष नजरेत खुपतो तोच खरा दोष. घरातली हवा धूळविरहित नसते, म्हणून दोन-चार सूक्ष्म कण क्षम्य मानतात.

२) पाणी की कण? पाण्याचा फुगा मऊ लागतो, कधी दुधी किंवा धुरकट दिसतो आणि दिवसागणिक लहान होतो. धुळीच्या कणाभोवतीचा फुगा तंबूसारखा असतो. मधोमध ठिपका दिसतो आणि महिना उलटला तरी तो तसाच राहतो. पहिल्यासाठी थांबावे, दुसऱ्यासाठी बोलावे. फुगा टाचणीने फोडू नये आणि पहिला महिनाभर काच पुसू नये.

३) चुणी. फिल्म दुमडून पडलेली घडी कधीही वाळून जात नाही. ती पहिल्याच दिवशी दाखवावी. तिला उपाय एकच : तेवढी फिल्म काढून नवी लावणे.

४) कड. फिल्म आणि चौकट यांच्यामध्ये बारीक फट दिसली की पुष्कळांना ते काम अर्धवट वाटते. वस्तुतः १ ते २ मिलिमीटरची, म्हणजे साधारण एका नाण्याच्या जाडीएवढी फट मुद्दामच ठेवतात. तिच्यातून पाणी बाहेर पडते आणि फिल्मची कड चौकटीला टेकून उचलली जात नाही. फट आहे की नाही हे न पाहता ती चारही बाजूंना सारखी आहे का, कापलेली रेषा सरळ आहे का आणि कोपरे सुटलेले नाहीत ना, हे पाहावे.

५) जोड. फिल्मचे रोल बहुधा ५ फुटांच्या आसपास रुंद असतात. काच त्याहून मोठी असेल तर जोड येणारच. तो सरळ, चौकटीला समांतर आणि एकावर एक न चढलेला असावा.

६) ओरखडा. फिल्म काचेवरच कापली आणि पाते जोरात दाबले तर काचेवर रेघ उमटते. हा दोष कायमचा असतो. पण तो आधीपासून होता की नंतर झाला, हे कसे ठरवायचे? हिशेबाच्या वहीत आपण आरंभीची शिल्लक लिहितो, तशी काम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक काचेची अवस्था दोघांनी मिळून पाहून कागदावर लिहावी.

७) सल्ला. चांगला कारागीर काच पाहून फिल्म सुचवितो. उष्णता शोषणारी गडद फिल्म लावली की काचेचा मध्य तापतो आणि चौकटीत दडलेली कड थंड राहते. त्या ताणाने काच तडकू शकते. जाळीच्या व दुहेरी काचेबाबत ही काळजी विशेष घ्यावी लागते. उलटपक्षी, आरशासारख्या फिल्ममधून रात्री दिवा लावल्यावर बाहेरून आतले दिसते, हा कारागिराचा दोष नव्हे, तो प्रकाशाचा नियम आहे.

कायदा याविषयी काय म्हणतो? मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १६ मध्ये एक मार्मिक तरतूद आहे. ग्राहकाने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत जे दोष दिसायला हवे होते त्यांच्याबद्दल त्याला नंतर गर्भित शर्तीचा आधार घेता येत नाही. फिल्म लावणे ही मुख्यतः सेवा आहे. तिच्यातील त्रुटीसाठी ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये २ वर्षांच्या आत तक्रार करता येते. पण कायद्याचे दार ठोठावण्याआधी ‘डोळसपणे पाहा’ हा १९३० च्या कायद्यातील धडा आपण गिरवावा, हे बरे.

पैशांबाबतही एक रीत आहे. बांधकामाच्या कंत्राटात बिलाचा काही भाग ठरावीक मुदतीपर्यंत राखून ठेवतात. मात्र ही अट आधीच लिहिलेली असते. फिल्मच्या कामातही तसे करता येईल. किती रक्कम, किती दिवस आणि कोणत्या दोषासाठी, हे काम सुरू होण्यापूर्वी ठरवावे, आणि ३० दिवसांनी दोघांनी मिळून काच पाहावी. आधी ठरवून राखलेली रक्कम हा करार होय. काम झाल्यावर मनाला येईल तेवढी कापलेली रक्कम म्हणजे दुसऱ्याच्या रोजीवर टाकलेला हात होय. आम्ही दुसरा प्रकार केला होता.

परत निघण्याच्या आदल्या दिवशी आत्या आणि मी त्या कारागिराच्या घरी जाऊन पाचशे रुपये देऊन आलो. त्याने ते मोजले नाहीत, फक्त विचारले, “बुडबुडे गेले ना, ताई?” केस अडकल्याचे सांगताच तो दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन तेवढी फिल्म बदलून गेला. ओरखड्याबद्दल मात्र आम्हांला काहीच बोलता आले नाही. आरंभीची शिल्लक आम्ही लिहिलीच नव्हती.