मागून घसरणारी बग्गी आणि जाड तेल

प्रश्न : माझी १/८ मापाची फोर-व्हील ड्राइव्ह आरसी बग्गी वळणातून बाहेर पडताना मागून घसरते. मागच्या डिफरन्शियलमध्ये जाड तेल भरू का?

उत्तर : नको, उलट होईल. वळणात बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. जाड सिलिकॉन तेल दोन्ही चाकांना एकाच वेगाने फिरवू पाहतं; मग एखादं चाक मातीवर घासणारच, आणि ढुंगण फिरतं. सुरुवातीच्या सेटअपमध्ये पुढे ५,०००, मध्ये ५,००० आणि मागे ३,००० सीएसटी असं तेल सर्रास भरतात. मागचं सर्वांत पातळ, ते याचसाठी. कुणी म्हणेल, जाड तेलाने दोन्ही चाकांना सारखा जोर मिळतो. मिळतो, पण त्याचा फायदा सरळ, खडबडीत पट्ट्यावर. तुमची तक्रार वळणातली आहे.

तरीही डिफ खोलायची घाई नको, ते किचकट काम आहे. आधी मागचे टायर उलटे धरून पिनांच्या कडा पाहा. त्या गोल झाल्या असतील तर कुठलंही तेल तुम्हाला वाचवणार नाही. मग बॅटरी बसवून, गाडी हलकेच दाबून सोडा आणि मागची उंची मोजा. ती फार वाढलेली असेल तर एक-दोन मिलिमीटर उतरवा. एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदलानंतर पाच लॅप स्टॉपवॉच लावून मारा. सकाळी जमलेला सेटअप दुपारी बिघडला तर लगेच स्वतःला दोष देऊ नका: उन्हात शॉकमधलं तेल पातळ होतं, ट्रॅकची मातीही सुकते.